संपाच्या बदल्यात काय?

तालुक्याच्या गावी भरलेल्या एका अभ्यासवर्गात मी कामगार कायद्यावर बोलत होतो. बोलणे संपले, चहा आला, आणि मागच्या रांगेतला एक तरुण उठून उभा राहिला. तो नगरपालिकेच्या अग्निशमन दलात कंत्राटी फायरमन आहे, हे मागाहून कळले. तो म्हणाला, "जय भीम काका. आम्ही संप केला तर लोक म्हणणार, गाव जळत होतं आणि ह्यांनी बंब उभा ठेवला. संप नाही केला तर साहेब म्हणणार, बघू पुढच्या सभेत. मग आम्ही करायचं काय?"

मी त्याला त्या दिवशी समेट, न्यायाधिकरण, कलमे असे पुस्तकी उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्यानंतर या प्रश्नाचा मी थोडा अभ्यास केला. या प्रश्नाशी सर्वांत जास्त झुंज अमेरिकेतल्या अग्निशामकांच्या संघटनांनी आणि तिथल्या नगरसंस्थांनी घेतलेली आहे. तिथे काय घडले, काय साधले आणि काय फसले, ते कार्यकर्त्यांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. गिरणी कामगार संप करतो तेव्हा माग बंद पडतो आणि मालकाचा नफा बुडतो. घाव मालकाच्या खिशावर बसतो, म्हणून मालक बोलायला येतो. फायरमनने संप केला तर नगरपालिकेचे काय बुडते? काहीच नाही, उलट तेवढ्या दिवसांचा पगार वाचतो. बुडते ते ज्याच्या घराला आग लागते त्याचे. आग जातपात पाहत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. मला हे वाक्य कधीच पटलेले नाही. पत्र्याची, ताडपत्रीची, एकमेकांना चिकटलेली घरे आधी पेटतात. जिथे बोळातून बंब आत जात नाही ती वस्ती पूर्ण जळते. आणि ती वस्ती कोणाची असते हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणजे फायरमनच्या संपाचा घाव मालकाला चुकवून आपल्याच माणसांवर पडतो. त्यामुळे संपाला बंदी घालताना शासनाला लोकांचा पाठिंबा सहज मिळतो, आणि बंदी घातली की मालक निवांत बसतो. वाटाघाटींची कोंडी होते ती इथे. एका बाजूला उठून जाण्याचा हक्क नाही आणि दुसऱ्या बाजूला बोलण्याची निकड नाही.

आपल्याकडे या प्रश्नाच्या मुळाशी हात घातला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३८ साली मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया सक्तीची करायची आणि ती चालू असताना होणारा संप बेकायदा ठरवून त्याला शिक्षा ठेवायची, असा त्याचा रोख होता. सप्टेंबर १९३८ मध्ये विधिमंडळात बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. नोकरीचा करार मोडणे ही फार तर दिवाणी बाब आहे; तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, आणि त्याचे नाव गुलामगिरी, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. संपाचा हक्क हा त्यांच्या लेखी स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग होता. स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संपही केला.

आता यापुढचा निष्कर्ष माझा आहे, तो बाबासाहेबांच्या नावावर घालू नये. एखाद्या सेवेत समाजाच्या जिवासाठी संप थांबवावाच लागणार असेल, तर समाज त्या कामगाराकडून त्याच्या स्वातंत्र्याचा एक तुकडा घेत असतो. घेतलेल्या वस्तूची किंमत द्यावी लागते. ती किंमत कोणती, हाच आपला विषय.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, म्हणजे पुढचे कळायला सोपे जाईल. एका नगरपालिकेत मी कारकून होतो आणि तिथल्या युनियनचा चिटणीसही. बंबावर पाच माणसे हवीत असा आमचा आग्रह होता. प्रत्यक्षात तीन, कधी दोन जात. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तेव्हा लागू होता. त्याच्या पहिल्या परिशिष्टात अग्निशमन सेवा होती, म्हणजे तिला सार्वजनिक उपयोगी सेवा जाहीर करता येत असे. तशा सेवेत १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप बेकायदा. आम्ही नोटीस दिली. समेट अधिकाऱ्यापुढे तारखा पडू लागल्या. नगरपालिकेतर्फे जो अधिकारी येई त्याचे ठरलेले वाक्य होते, "मला अधिकार नाहीत, विचारून सांगतो." पाच तारखांनंतर समेट अयशस्वी झाल्याचा अहवाल वर गेला. अशा सेवेत संपाची नोटीस दिलेली असेल तर सरकारने वाद न्यायनिर्णयासाठी पाठवलाच पाहिजे असे कायदा म्हणत होता. पण त्याच वाक्याच्या शेपटाला एक पळवाट होती: तसे करणे सरकारला इष्ट वाटत नसेल तर नाही पाठवला तरी चालेल. चौदा महिन्यांनी आम्हांला पत्र आले. इष्ट वाटले नाही.

कायदा आमच्या बाजूने नव्हता असे नाही. नागपूर महानगरपालिका आणि तिचे कामगार यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच नगरपालिकेची कितीतरी खाती, त्यांत अग्निशमनही, त्या वेळच्या कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' ठरवली होती. तेव्हा आम्ही कामगार होतो, आमचा वाद औद्योगिक होता, आमची मागणी रास्त होती. नव्हते एकच : अमुक दिवसांत कोणीतरी तिसरा माणूस निर्णय देईल आणि तो नगरपालिकेला पाळावा लागेल, याची हमी. नंतर तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली. तिने सरकारी संदर्भाचा तो दरवाजा काढून पक्षकारांना थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट दिली आणि त्याचबरोबर संपापूर्वीच्या नोटिशीची अट सगळ्याच उद्योगांना लावली. पण वाट मोकळी असणे वेगळे आणि मुदतीत निवाडा हाती पडणे वेगळे.

आता अमेरिकेकडे वळू.

तिथे सार्वजनिक नोकरांच्या संघटनांवर दीर्घकाळ एका घटनेची सावली होती. सप्टेंबर १९१९ मध्ये बोस्टनच्या पोलिसांनी संप केला, शहरात लुटालूट झाली, गव्हर्नर कूलिज यांनी सैन्य बोलावले. सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाही, कुठेही, कधीही नाही अशी भूमिका त्यांनी घेतली. अकराशेच्या वर संपकरी पोलीस कायमचे घरी गेले आणि कूलिज चार वर्षांत राष्ट्राध्यक्ष झाले. अग्निशामकांची आंतरराष्ट्रीय संघटना त्याच्या आदल्याच वर्षी, १९१८ मध्ये स्थापन झाली होती. तिने १९३० साली आपल्याच घटनेत संप न करण्याचे कलम घालून घेतले. ते निघाले १९६८ मध्ये.

१९६८ हे साल आपल्या वाचकांना दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. त्या वर्षी ४ एप्रिलला टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ते मेंफिसला कशासाठी गेले होते हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. ते गेले होते सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारीला पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन काळे कामगार गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगार कामावर आले नाहीत. बहुतेक सगळे काळे. महापौर हेन्री लोब यांचे म्हणणे एकच : शहराविरुद्धचा संप बेकायदा आहे, आधी कामावर या. युनियनला मान्यता देणार नाही, लेखी करार करणार नाही, पगारातून वर्गणी कापून देणार नाही.

कोंडी फुटली ती कशी, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. किंग यांच्या हत्येनंतर वॉशिंग्टनहून श्रम खात्याचे उपसचिव जेम्स रेनॉल्ड्स मध्यस्थ म्हणून आले. दोन गाठी उरल्या होत्या. महापौर करारावर सही करणार नाहीत. तेव्हा कागदाला करार न म्हणता 'सामंजस्याचे टिपण' म्हटले गेले आणि ते नगर परिषदेने मंजूर केले. महापौर पगारातून वर्गणी कापणार नाहीत. तेव्हा ती नोकरांच्या पतसंस्थेमार्फत कापायची ठरली. १६ एप्रिलला संप मिटला. चांगला मध्यस्थ हेच करतो. तो कोणाला हरवत नाही. ज्या शब्दापाशी मालकाची मान ताठ झालेली असते तो शब्द बाजूला ठेवतो आणि वस्तू कामगारांच्या पदरात टाकतो. पण या मध्यस्थाला रस्ता मोकळा व्हावा म्हणून काय घडावे लागले तेही विसरता येत नाही. पासष्ट दिवसांचा संप, आणि एका महापुरुषाचा खून. दर करारासाठी एवढी किंमत कोण देऊ शकेल?

याच सुमारास अमेरिकेतल्या काही राज्यांनी पोलीस आणि अग्निशामकांसाठी सक्तीच्या लवादाचे कायदे केले. पेनसिल्व्हेनियाने १९६७ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून १९६८ मध्ये. मिशिगनने १९६९ मध्ये. मिशिगनच्या कायद्याच्या पहिल्याच कलमात एक कबुली आहे, ती मला फार मोलाची वाटते. जिथे कायद्याने नोकरांचा संपाचा हक्क काढून घेतला आहे तिथे त्यांचे मनोधैर्य टिकावे आणि खाते नीट चालावे म्हणून दुसरा जलद, परिणामकारक आणि बंधनकारक मार्ग देणे आवश्यक आहे, असे ते कलम म्हणते. आपल्याकडे अत्यावश्यक सेवांचे कायदे आले ते बंदी घेऊन आले. त्यांत अशी कबुली मला आढळली नाही.

न्यूयॉर्कचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगतो. तिथल्या १९६७ च्या टेलर कायद्याने सार्वजनिक नोकरांच्या संपाला बंदी आहे. संपाच्या प्रत्येक दिवसासाठी दोन दिवसांचा पगार कापला जातो. तरीही ६ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या अग्निशामकांनी संप केला. साडेपाच तास. वाद लवादाकडे सोपवण्याचे ठरले आणि बंब पुन्हा निघाले. पुढे उघड झाले ते धक्कादायक होते : सभासदांच्या गुप्त मतदानात बहुमत संपाच्या विरोधात पडले होते आणि नेत्यांनी ते संपाच्या बाजूने पडल्याचे जाहीर केले होते. प्रकरण न्यायालयात गेले. आपल्या संघटनांतही हात वर करून ठराव होतात, मोजदाद कोणी विचारत नाही, म्हणून ही गोष्ट लिहिली. कोंडी फक्त मालकच करतो असे नाही.

आता लवाद प्रत्यक्षात चालतो कसा? वाटाघाटी थांबल्या की पहिली पायरी मध्यस्थाची. तो फक्त दोन खोल्यांमधून निरोप नेतो आणि दोन्हीकडच्यांना त्यांच्या भ्रमाची जाणीव करून देतो. त्याला निर्णयाचा अधिकार नसतो. काही राज्यांत दुसरी पायरी असते ती वस्तुस्थिती तपासणाऱ्याची. तो आकडे पाहून शिफारस करतो, शिफारस लोकांसमोर जाते, आणि न पाळणाऱ्याला लाज वाटावी अशी अपेक्षा असते. (लाज वाटण्याच्या अपेक्षेवर कोणताही कायदा उभारू नये, असे माझे मत आहे.) शेवटची पायरी लवादाची. पेनसिल्व्हेनियात तीन जणांचे मंडळ असते. एक नगराचा, एक युनियनचा, तिसरा दोघांनी मिळून निवडायचा. तिसऱ्यावर एकमत झाले नाही तर अमेरिकन लवाद संघाकडून तीन नावांची यादी मागवतात. नगराने आधी एक नाव खोडायचे, मग युनियनने एक. उरलेला माणूस अध्यक्ष. आधी कोणी खोडायचे हे बारीकसे कलम वाटते. पण नगराने एक खोडल्यावर उरलेल्या दोघांतला कोण ठेवायचा हे युनियनच्या हातात राहते. निवाडा बंधनकारक असतो आणि न्यायालयात तो फारच थोड्या कारणांवरून तपासता येतो.

या पद्धतीत एक खोट लवकरच ध्यानात आली. समजा, युनियन १२ टक्के वाढ मागते आणि नगर २ टक्के देऊ करते. लवाद दोघांना थोडेथोडे देऊन ७ वर येतो. पुढच्या खेपेला युनियन शहाणी होते आणि २० मागते. नगर शून्यावर बसते. कारण जो आधी एक पाऊल सरकेल त्याच्याविरुद्ध मधला बिंदू सरकतो. म्हणजे लवाद आहे या भरवशावर वाटाघाटीच आटतात. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करताना आपण हेच करतो, पण तिथे उठून पुढच्या गाळ्यावर जाता येते. इथे तसे जाता येत नाही.

मिशिगनने १९७२ च्या दुरुस्तीने यावर तोड काढली. पैशाच्या प्रत्येक मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी आपला शेवटचा प्रस्ताव लेखी द्यायचा आणि मंडळाने त्या दोहोंपैकी एकच जसाच्या तसा निवडायचा. मधला आकडा काढायला बंदी. आता तेच गणित पुन्हा मांडून पाहा. अध्यक्षाला ६ टक्के रास्त वाटतात. युनियन १२ वर अडून राहिली आणि नगराने ४ लिहिले, तर नगराचा प्रस्ताव ६ ला जवळ आहे; युनियन हरली. म्हणून युनियन ७ वर येते, आणि त्या भीतीने नगरही ५ वर येते. आणि ५ व ७ यांमध्ये भांडण ते काय उरले? पुष्कळदा निवाड्यापूर्वीच बाहेर मिटते. सुनावणीच्या मध्येच अध्यक्ष दोघांना तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा वाटाघाटींना परत पाठवू शकतो, अशीही सोय त्या कायद्यात आहे. मला ही युक्ती आवडली, कारण ती कोणाच्या सज्जनपणावर अवलंबून नाही. पैशाखेरीजच्या मुद्द्यांवर मात्र मंडळाला स्वतःचा तोडगा लिहिता येतो.

निवडताना मंडळाने काय पाहायचे तेही मिशिगनच्या कायद्यात लिहिले आहे : लोकांचे हित आणि नगराची पैसे देण्याची ताकद, तुलना करण्याजोग्या इतर नगरांतले पगार, महागाई, आणि पगारासकट सुट्ट्या, विमा, निवृत्तिवेतन मिळून होणारा एकूण मोबदला. तेव्हा मंडळापुढे घोषणा चालत नाहीत, तक्ते चालतात. तुमच्याएवढ्या लोकसंख्येच्या, तुमच्याएवढ्या करउत्पन्नाच्या नगरांची यादी जो चांगली करील तो अर्धी लढाई जिंकतो. आपल्या कार्यकर्त्यांपैकी कितीजणांनी आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक कधी उघडून पाहिले आहे?

पैशापेक्षाही अवघड मुद्दा बंबावरच्या माणसांचा. बंबावर किती माणसे पाठवायची हा आमच्या कारभाराचा प्रश्न आहे, त्यात युनियनने बोलू नये, असे नगर म्हणते. तो आमच्या जिवाचा प्रश्न आहे असे युनियन म्हणते. शिकागोत १९८० च्या फेब्रुवारीत तेवीस दिवसांचा संप झाला तेव्हा लेखी कराराच्या बरोबरीने हाही मुद्दा होता. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९९८ मध्ये नियम घालून दिला की जीव गुदमरवणाऱ्या धुरात शिरताना दोघांनी जोडीने आत जायचे आणि निदान दोघांनी बाहेर सज्ज उभे राहायचे; आत कोणी जिवंत अडकल्याचे दिसले तर गोष्ट वेगळी. दोन आत, दोन बाहेर. चार माणसे झाली. तिघांचा बंब आला तर नियमाप्रमाणे दुसऱ्या बंबाची वाट पाहायची, आणि घर डोळ्यांदेखत जळत असताना कोण वाट पाहतो? आमच्या नगरपालिकेत दोघेजण बंब घेऊन जात होते हे मी वर लिहिले आहे. त्यांतला एक चालक. म्हणजे आगीत शिरणारा एकटा.

लवादाचे टीकाकारही आहेत, आणि त्यांतला एक असा आहे की त्याला उडवून लावता येत नाही. कोलमन यंग हे मोटार कामगारांच्या चळवळीतून आलेले काळे नेते. १९५२ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्यांनी मान तुकवली नाही. राज्याच्या सिनेटमध्ये असताना मिशिगनच्या त्या लवाद कायद्याचे ते पुरस्कर्ते होते. १९७३ मध्ये ते डेट्रॉइटचे पहिले काळे महापौर निवडून आले. आणि महापौराच्या खुर्चीवरून तेच म्हणू लागले की सक्तीचा लवाद शहराच्या आर्थिक शिस्तीचा नाश करतो. खुर्ची बदलली की माणूस बदलतो, असे म्हणून मोकळे होता येईल. मी तसे म्हणणार नाही. गोरी कुटुंबे आणि कारखाने उपनगरांत निघून गेले होते, कर देणारे कमी झाले होते, आणि बाहेरचा लवाद निवाडा देऊन निघून जात होता. तो पैसा कोठून आणायचा हे महापौराला पाहावे लागत होते. बहिष्कृतांच्या हाती सत्ता येते तेव्हा तिजोरी बहुधा रिकामी झालेली असते, हे आपणही पाहिले आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरात या प्रश्नाचे टोक दिसले. १९९२ पासून ते शहर राज्याच्या कायद्याखाली आर्थिक संकटग्रस्त होते. अग्निशामक आणि पोलिसांचे निवाडे त्याने पाळले नाहीत; आमच्या आर्थिक पुनर्रचनेत ते बसत नाहीत, असा बचाव. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. पुढच्या वर्षी जुलैत महापौरांनी शहराच्या सुमारे चारशे नोकरांचा, स्वतःचासुद्धा, पगार तासाला सव्वासात डॉलर या किमान वेतनावर आणला. तिजोरीत पैसेच नाहीत, म्हणाले. न्यायाधीशाने मनाई केली तरी तेच. थकलेला पगार नंतर मिळाला. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलून अशा शहरांतल्या निवाड्यांना आर्थिक पुनर्रचनेची मर्यादा घातली. मिशिगननेही २०११ मध्ये दुरुस्ती करून नगराच्या पैसे देण्याच्या ताकदीला सगळ्या कसोट्यांत जास्त वजन दिले. ताकद पाहावीच लागते. पण ताकद कोण मोजतो? नगराच्याच लेखापालाचा आकडा प्रमाण मानायचा असेल तर निवाडा आधीच लिहून झालेला असतो.

आता मेंफिसकडे पुन्हा जाऊ, कारण सर्वांत जिव्हारी लागणारा धडा तिथला आहे. त्या शहराच्या अग्निशमन दलात वर्षानुवर्षे बहुतेक गोरेच घेतले जात. कार्ल स्टॉट्स या काळ्या अधिकाऱ्याने १९७७ मध्ये दावा लावला. १९८० मध्ये शहराने संमतीचा हुकूमनामा मान्य केला : नव्या जागांपैकी निम्म्या काळ्या उमेदवारांतून भरण्याचे उद्दिष्ट ठरले. काळी मुले दलात येऊ लागली. १९८१ मध्ये अंदाजपत्रकात तूट आली आणि शहराने माणसे कमी करायचे ठरवले. युनियनबरोबरच्या टिपणात ज्येष्ठतेचा नियम होता : जो शेवटी आला तो आधी जाणार. शेवटी कोण आले होते? कनिष्ठ न्यायालयाने काळ्यांचे प्रमाण घटेल अशी कपात करू नका असा मनाईहुकूम दिला; त्यामुळे जास्त ज्येष्ठ अशा काही गोऱ्यांना जावे लागले. युनियन वर गेली आणि १२ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठतेच्या बाजूने निकाल दिला.

ज्येष्ठतेचा नियम वाईट नाही. मालकाच्या मर्जीविरुद्ध कामगाराला मिळालेली ती ढाल आहे, आणि मी स्वतः तिच्यासाठी भांडलो आहे. पण दार उशिरा उघडले गेले त्यांच्यावर तीच ढाल आदळली. या प्रकरणातली एक बाब मला पुन्हा पुन्हा आठवते. शहर आणि काळे फायरमन यांच्यातल्या त्या १९८० च्या हुकूमनाम्यात युनियन पक्षकार नव्हती. आणि शहर आणि युनियन यांच्यातल्या टिपणात ज्येष्ठतेचा नियम लिहिला गेला तेव्हा दलात काळे कितीसे असणार? दोन टेबले होती, एकावर बसलेला दुसऱ्यावर नव्हता, आणि दोन्ही कागद एकमेकांवर आपटले.

त्या तरुणाला मी गेल्या महिन्यात पुन्हा भेटलो. त्याच्या दलात कायम फायरमन नऊ आणि कंत्राटी सतरा. कायम माणसांची युनियन आहे, तिच्या यादीत कंत्राटी नाहीत. ठेकेदार म्हणतो पालिकेला विचारा, पालिका म्हणते ठेकेदाराला विचारा. आम्ही दोन रात्री बसून एक पत्र तयार केले. वाद लेखी करार करून लवादाकडे देण्याची सोय जुन्या कायद्यात होती आणि संहितेतही आहे. ती सक्तीची नाही, मालकाने हो म्हटले पाहिजे, पण मागायला कोण अडवतो? पहिले कलम असे लिहिले की वाटाघाटीला कायम आणि कंत्राटी असे दोघांचे प्रतिनिधी एकाच टेबलावर बसतील. त्यासाठी आधी युनियनच्या नऊ जणांशी एक अख्खी रात्र वाद घालावा लागला. दुसरे, बंबावर चालकाखेरीज चार माणसे. तिसरे, नगरपालिकेतर्फे जो येईल त्याने निर्णयाचा लेखी अधिकार घेऊन यावे. चौथे, नव्वद दिवसांत समझोता न झाल्यास तीन जणांचा लवाद, पैशाच्या मुद्द्यांवर दोहोंपैकी एकच प्रस्ताव निवडणारा, आणि त्या काळात आम्ही संप करणार नाही.

अध्यक्ष निवडण्यासाठी तीन नावांची यादी, हे पाचवे कलम लिहिताना त्याने मला थांबवले. म्हणाला, "काका, पहिलं नाव कोणी खोडायचं तेही लिहा." लिहिले : पहिले नाव नगरपालिका खोडील. पत्राची पोच आली आहे, शिक्क्यासह. उत्तर अजून आलेले नाही.